गच्चीखालच्या हॉलची पीओपी कॉर्निस दरवर्षी फुटते, नवीन कशी बसवावी?

मांजराकाठ:
नमस्कार मंडळी. लातुरातलं दुमजली घर आहे, बांधून ६ वर्षं झाली. ९ इंची विटांच्या भिंतींवर थेट स्लॅब टाकलाय, आरसीसी फ्रेम (खांब-बीमचा सांगाडा) नाही. वरच्या मजल्यावरचा हॉल आतून १२ बाय १६ फूट, उंची १० फूट, आणि वर उघडी गच्ची. हॉलला चारही बाजूंनी ४ इंची पीओपीची (प्लास्टर ऑफ पॅरिसची) गोलाईची कॉर्निस, म्हणजे छत-भिंतीच्या सांध्यावरची शोभेची पट्टी आहे, जागेवरच साच्यानं ओढलेली. तिची वरची कड स्लॅबला आणि खालची भिंतीला चिकटलेली आहे.

स्लॅबलगत चारी बाजूंनी सलग भेग पडली आहे. दक्षिण आणि पश्चिम बाजूला जास्त. मार्च ते मे रुंद दिसते, पावसाळ्यात जवळजवळ मिटते. दोनदा पुट्टी भरून रंग दिला, दोन्ही वेळा पुढच्या उन्हाळ्यात तिथंच उघडली. आता नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात हातभर तुकडा सुटून लोंबतोय, त्यामुळे सगळी काढून नवीन करायची आहे.

विचारायचं असं: पुन्हा पीओपीच करावी, की पीयू (पॉलियुरेथेन फोम) किंवा थर्माकोलच्या तयार पट्ट्या लावाव्यात? माल किती लागेल? खोली गुण्यात (काटकोनात) नाही, मग कोपरे कसे कापायचे? दर्शनी बाजूला पॅरापेटखाली (गच्चीच्या कठड्याखाली) सिमेंटची कॉर्निस आहे, तिच्याखाली भिंतीवर काळे ओघळ येतात आणि रंगाला फोड येतात, त्याचं काय करावं? आणखी एक, औसा तालुक्यात गावाकडं माळवदाचं (लाकडी तुळया-फळ्यांवर मातीच्या छताचं) जुनं घर आहे. त्याच्या ओसरीला अशी पट्टी करावी असं घरच्यांना वाटतं.

तेरणाकाठ:
माल कोणता हे नंतर ठरवा. आधी भेग कशामुळं पडते ते बघा, नाहीतर नवीन कॉर्निसही त्याच रेषेवर फुटेल.

काँक्रीट दर अंशाला मीटरमागं साधारण ०.०१ मिमी वाढतं. तुमचा स्लॅब १६ फूट, म्हणजे ४.८८ मीटर. उघड्या गच्चीवर पहाट आणि दुपार, हिवाळा आणि मे असा फरक धरला तर स्लॅबच्या तापमानात ३० अंशांचा चढउतार सहज होतो. ४.८८ गुणिले ०.०१ गुणिले ३० म्हणजे जवळपास दीड मिलिमीटर. दोन्ही टोकांना वाटून पाऊण-पाऊण मिलिमीटर. शिवाय स्लॅब वरून तापतो आणि खालून त्या मानानं थंड असतो, म्हणून तो मध्यभागी किंचित वर उचलला जातो आणि भिंतीवरच्या कडा फिरतात. खालची विटांची भिंत सावलीत असते, ती एवढी हलत नाही. तुमची कॉर्निस नेमकी या दोघांच्या सांध्यावर बसली आहे आणि तिनं दोघांना धरून ठेवलंय. पीओपी ठिसूळ असतो, पुट्टी त्याहून पातळ. पाऊण मिलिमीटर ताणायची ताकद दोन्हीत नाही. दक्षिण आणि पश्चिम बाजूला जास्त फुटण्याचं कारणही हेच, दुपारनंतरचं ऊन तिकडून लागतं.

फ्रेमचं घर असतं तर गोष्ट वेगळी होती. तिथं स्लॅब आणि बीम एकसंध ओतलेले असतात, ४ इंची कॉर्निस पूर्णपणे काँक्रीटवरच बसते आणि भेग पडते ती खाली, बीम आणि वीटकामाच्या मध्ये. म्हणून शेजारच्या फ्रेमच्या घरात तीच कॉर्निस न फुटता राहिली तर ती कारागिराच्या हाताची किमया समजू नका.

काळ्या मातीचा संशयही एकदा फेडून घ्या. पाया हलत असेल तर भेगा खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरप्या निघतात, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला बारीक असतात. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळं त्या भेगाही ऋतूप्रमाणं उघडझाप करतात. तशी एखादी भेग असेल तर आधी पायाभोवतीचं पाणी आणि प्लिंथ प्रोटेक्शन (जोत्याभोवतीचा पक्का पट्टा) बघा. तुम्ही सांगता तशी आडवी, स्लॅबला समांतर, चारी बाजूंची भेग मात्र उष्णतेचीच.

खात्री करायची सोपी रीत आहे. भेगेच्या वर आणि खाली टोकदार पेन्सिलनं एकेक फुली मारा, मध्ये साधारण ५० मिमी अंतर ठेवा. आणखी एक उभी रेघ भेग ओलांडून मारा. सकाळी ६ ला आणि संध्याकाळी ५ ला, आठ दिवस, त्याच पट्टीनं मोजा. फुल्यांमधलं अंतर बदललं तर भेग उघडतेय, उभी रेघ तुटून बाजूला सरकली तर स्लॅब घसरतोय. दोन्ही थोडंथोडं दिसेल.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. पहिला गच्चीवर: ब्रिकबॅट कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) नसेल तर करून घ्या, असेल तर त्यावर पांढरी चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांचा थर) किंवा निदान उष्णता परतवणारा पांढरा लेप. यानं हालचाल कमी होते, पूर्ण थांबत नाही. दुसरा आतून: कॉर्निस फक्त भिंतीला बांधा आणि स्लॅबपासून ६ मिमी मोकळी ठेवा. ती खाच सरळ रेषेत सगळीकडं सारखी ठेवली की खालून छान सावलीची रेघ दिसते. स्लॅब त्या खाचेच्या वर आपला हलत राहील.

मांजराकाठ:
भिंतीत कुठंच तिरपी भेग नाही, काल सगळ्या खिडक्या बघितल्या. कोबा आहे, मोझॅक नाही. पण एक शंका आहे. नुसती भिंतीला धरली तर पीओपीची एवढी जड पट्टी टिकेल का?

फर्मा:
टिकते दादा, पण चिकटवून नाही, स्क्रूनं.

जागेवर ओढायची असेल तर स्लॅबच्या बाजूला प्लॅस्टिकचा कागद किंवा ६ मिमीची गुळगुळीत पट्टी लावून ओढावी लागते आणि नंतर ती काढावी लागते. जमतं, पण साच्याला वरून आधार मिळत नाही, लाईन डुगडुगते. तुमच्यासाठी टेबलावर ओढलेले तुकडे चांगले. ८ फुटी सपाट फळी किंवा ग्रॅनाइटची पट्टी घ्या, तिला साबण-तेलाचा हात मारा. साचा जस्ताच्या किंवा जीआयच्या पत्र्यातून कापायचा. कानशीनं घासून धार काढायची, कारण पत्र्यावर जो खरवडा राहील तो १६ फुटांवर रेघ होऊन उमटतो. पत्रा लाकडी घोड्यावर (साचा धरणाऱ्या चौकटीवर) ठोका, घोडा फळीच्या कडेला घासत चालतो. एकाच दिशेनं ओढा. मागं-पुढं केलं की कडा तुटतात.

पहिला हात गाभ्याचा. त्याला वेगळा पत्रा लावायचा, जो नक्षीच्या रेषेपेक्षा ५ मिमी पुढं काढलेला असतो, म्हणजे गाभा ५ मिमी कमी भरतो. पीओपी घट्ट होताना किंचित फुगतो. खऱ्या साच्यानंच गाभा ओढला तर दुसऱ्या हाताला साचा अडकतो आणि मालाचे लचके तोडतो. गाभ्यात काथ्या पीओपीच्या पाण्यात बुडवून लांबीच्या दिशेनं अंथरा. लोखंडी तार घालू नका. ओल्या जिप्समात, म्हणजे पीओपीत, लोखंड गंजतं आणि वर्षभरात तांबडा डाग वर येतो. गाभा ओढून झाला की पत्रा बदला आणि वरचा हात दाट सायीसारख्या मालानं पूर्ण करा.

माल कालवताना पाण्यात भुकटी टाका, भुकटीत पाणी नाही. १ किलोला ६५० मिली पाणी, त्यातून साधारण १ लिटर माल होतो. भुकटी चिमटीनं पसरत टाकायची, दीड-दोन मिनिटं भिजू द्यायची, मग हलक्या हातानं ढवळायचं. जोरात फेटलं तर फुगे राहतात आणि माल लवकर बसतो. एका वेळी ४-५ किलोच्या वर करू नका. घमेलं दर वेळी धुऊन घ्या. जुन्या मालाचे खडे राहिले तर त्यांच्यामुळं नवा माल निम्म्या वेळात घट्ट होतो, मग मिस्त्री त्यात पाणी मारून पुन्हा ढवळतो. असा माल वाळला की नखानं खरवडला जातो. बसायला लागलेला माल फेकूनच द्यायचा. बोअरचं खारं पाणी वापरू नका. त्यानंही माल लवकर धरतो आणि पुढं रंगाखाली खार फुटतो. नळाचं किंवा टँकरचं गोडं पाणी घ्या.

हिशोब असा. ४ इंची गोलाई, दोन्ही कडांना थोडी जाडी धरून, छेदाचं क्षेत्रफळ ३० चौरस सेमी. म्हणजे मीटरला ३ लिटर माल. तुमच्या हॉलचा घेर ५६ फूट, १७ मीटर. ५१ लिटर, म्हणजे ५१ किलो भुकटी. नासधूस धरून ६० किलो, २० किलोच्या ३ गोण्या. वाळल्यावर मीटरला साडेतीन किलोच्या आसपास वजन भरेल.

आता बसवणं. जुनी कॉर्निस काढल्यावर भिंतीवर चुना, डिस्टेंपर, पुट्टी काही ठेवायचं नाही, गिलाव्यापर्यंत खरवडा. सिमेंटचा गुळगुळीत गिलावा असेल तर छिन्नीनं टाचे मारा, दर इंचाला एक. पाण्याच्या नळीनं चारी कोपऱ्यांत लेव्हल घ्या आणि निळीची दोरी मारा. स्लॅब शटरिंगमध्ये बसलेला असतो, मध्ये अर्धा इंच खाली येणं नेहमीचं. कॉर्निस स्लॅबला बघून लावली तर पट्टी पोटात आलेली दिसते. सगळ्यात खाली आलेल्या ठिकाणी ६ मिमी खाच धरा, तिथून लेव्हल पुढं न्या, आणि जिथं स्लॅब उंच आहे तिथं स्लॅबलाच पातळ माल लावून सरळ करून घ्या.

भिंत तासभर आधी भिजवा. आपल्याकडं उन्हाळ्यात कोरडी वीट मालातलं पाणी क्षणात ओढून घेते. मग माल बसल्यासारखा दिसतो पण त्याला ताकद येत नाही, मागून भुकटी होऊन सुटतो. तुकड्याच्या पाठीवरही ओरखडे मारा आणि पाणी लावा. पाठीला सगळीकडं पातळ मालाचा थर द्या, भिंतीला दाबा, आणि वरच्या कडेपासून ३० मिमी खाली स्क्रू मारा. तिथं गोलाईची जाडी जवळपास ३ सेमी असते. खालच्या अर्ध्यात मारलात तर जाडी सव्वा सेमीच मिळते आणि पट्टी चिरते. वरती मारण्याचं दुसरं कारण म्हणजे पट्टी पुढं झुकायला बघते, तो ओढा वरच्या स्क्रूनं धरला जातो. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस, ७० मिमी, प्लगमध्ये, दर ४० सेमीला एक आणि प्रत्येक तुकड्याच्या टोकापासून ८ सेमीवर एक. डोकं २-३ मिमी आत बसवून वरून माल भरा. विटेच्या सांध्यात ड्रिल बसलं तर ते भोक सोडून द्या, बाजूला विटेत मारा.

दुधनाकाठ:
कोपऱ्यांबद्दल सांगतो, कारण सगळ्यात जास्त माल तिथंच वाया जातो.

आधी कोपरा मोजा. एका भिंतीवर कोपऱ्यापासून ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करा. तिरपं अंतर ५ फूट आलं तर काटकोन. जास्त आलं तर कोपरा उघडा, कमी आलं तर मिटलेला. ही मापं खाली नाही, वर छताजवळ घ्या. खाली गुण्यात असलेली भिंत वर ओळंब्यात नसते, असं फार वेळा निघतं.

कोन मोजण्यापेक्षा छतावर आखून घेतलं तर चूक होत नाही. कॉर्निस छतावर जितकी पुढं येते, समजा १०० मिमी, तितक्या अंतरावर दोन्ही भिंतींना समांतर रेघा छतावर मारा. त्या जिथं एकमेकींना छेदतात तिथपासून भिंतींच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरपी रेघ ओढा. हीच कापाची रेघ, कोपरा कितीही वाकडा असो. तुकडा जागेवर धरून त्याच्या वरच्या कडेवर ती खूण उतरवा.

करवत मशीनवर कापत असाल तर आकड्याचा एक घोटाळा ध्यानात ठेवा. कोपरा ९२ अंशांचा असेल तर प्रत्येक तुकड्याचा कोन ४६, पण मशीनची पट्टी सरळ कापाला शून्य धरते, त्यामुळं तिच्यावर ४४ लावायचे. अनेकजण ४६ लावतात आणि सांध्याची भेग दुप्पट करून ठेवतात.

मायटर बॉक्समध्ये (तिरपे काप घेण्याच्या खाचांच्या पेटीत) तुकडा उलटा ठेवायचा: छताची बाजू बॉक्सच्या तळाला, भिंतीची बाजू बॉक्सच्या उभ्या फळीला. आतल्या कोपऱ्यात भिंतीची कड लांब राहते आणि पुढं आलेली कड आखूड होते. खांबाचा बाहेरचा कोपरा असेल तर बरोबर उलटं. हात बसेपर्यंत फुटभर तुकड्यांतून एक आतला डावा, एक आतला उजवा, एक बाहेरचा डावा, एक बाहेरचा उजवा असे चार नमुने कापून त्यांच्यावर नावं लिहून ठेवा. लांब तुकडा कापण्याआधी नमुना भिंतीला लावून बघा.

तयार पट्ट्या घेणार असाल तर पीयू घ्या, थर्माकोल नको. पीयूच्या कडा तीक्ष्ण असतात, ठोकर सोसतात, मीटरला वजन किलोभराच्या आत, म्हणून भिंतीला एका बाजूनं धरणं सोपं. थर्माकोलवर बोट दाबलं तरी खळगा पडतो, आग लागली तर तो वितळून ठिबकतो. तरीही थर्माकोलच घ्यायचा झाला तर त्याला रबरी सोल्यूशन किंवा थिनर असलेला कोणताही रंग लावू नका. त्यातल्या द्रावकानं थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळतो. पाण्यात विरघळणारा ॲक्रेलिक गोंद आणि इमल्शनच वापरायचं.

पीयूच्या पट्ट्या बहुतेक २.४ मीटरच्या येतात. दुकानदार ५६ भागिले ८ करून ७ पट्ट्या देईल. पण २.४ मीटर म्हणजे पूर्ण ८ फूट नव्हे, त्याला दीड इंच कमी. तुमची १६ फुटी भिंत ४.८८ मीटर आहे, दोन पट्ट्या ४.८० भरतात, कोपऱ्यात ८ सेमीची चिंधी लावायची वेळ येते आणि तिथंच सगळ्यांची नजर जाते. असं वाटा: १२ फुटी भिंतीला म्हणजे ३.६६ मीटरला एक अख्खी आणि एक १.२६ चा तुकडा, त्यातून उरतात १.१४. लांब भिंतीला एक अख्खी, हा उरलेला १.१४, आणि नव्या पट्टीतून १.३४. दोन्ही बाजूंना मिळून ८ पट्ट्या लागतात. खराब होण्यासाठी एक धरून ९ घ्या, सगळ्या एकाच लॉटच्या. मधले सांधे सरळ कापून टोकाला टोक लावू नका, ४५ अंशांत तिरपे कापून एकावर एक बसवा. पीयूच्या सांध्यात त्याचाच गोंद भरायचा, वाळल्यावर कापायचा. पुट्टी भरली तर तिथंही केसासारखी रेघ येते.

पट्ट्या आणल्या की दोन दिवस त्याच खोलीत आडव्या ठेवा. उन्हात टेम्पोतून आलेली तापलेली पट्टी लगेच लावली की रात्री आकसते आणि सांधा उघडतो.

मांजराकाठ:
माप अगदी बरोबर पकडलंत, दुकानात मला ७ च सांगितल्या होत्या. रंग कधी द्यायचा? आणि पट्टीच्या आत एलईडी लावून घेऊ का?

फर्मा:
पीओपी असेल तर उन्हाळ्यात किमान आठवडा, पावसाळ्यात तीन आठवडे. वाळलेला भाग पांढराशुभ्र दिसतो आणि हाताला गार लागत नाही. ओल्यावर ऑइल पेंट चढवला की साल निघते. पाण्याचा प्रायमर, मग इमल्शन. ६ मिमीच्या खाचेत पुट्टी भरू द्यायची नाही, रंगाऱ्याला हे आधी सांगून ठेवा. तो सवयीनं भरतो आणि सगळं काम पाण्यात जातं.

दुधनाकाठ:
एलईडी या भरीव गोलाईत नको. त्यासाठी वेगळ्या आकाराची, वर ओठ असलेली पट्टी लागते, आणि ओठ ते छत निदान १५० मिमी अंतर ठेवावं लागतं. कमी ठेवलं तर छतावर उजेडाऐवजी एलईडीचे ठिपके दिसतात. १० फूट उंचीत तेवढी पट्टी खाली आणली की खोली बसकी होते. करायचीच असेल तर एवढं ध्यानात घ्या: १२ व्होल्टची पट्टी ५ मीटरच्या पुढं सलग नेली तर शेवटचं टोक मंद होतं, म्हणून दोन्ही टोकांनी वीज द्या किंवा २४ व्होल्टची घ्या. मीटरला १४.४ वॅटची पट्टी ५ मीटर म्हणजे ७२ वॅट, ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) १०० वॅटचा ठेवा आणि हात पोचेल अशा जागी ठेवा. तो कॉर्निसच्या मागं गाडला की बिघडल्यावर कॉर्निस फोडावी लागते.

चुनेगच्ची:
बाहेरच्या कॉर्निसबद्दल अजून कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. बाहेर ती शोभेची नंतर, आधी ती पाणी भिंतीपासून दूर फेकण्यासाठी असते. वेरूळच्या कैलासात किंवा आपल्याकडच्या दगडी मंदिरांत भिंतीच्या माथ्यावर गोलसर पुढं आलेला कपोत बघा. पाणी त्याच्या ओठावरून थेंब होऊन खाली पडावं, भिंतीला चिकटून ओघळू नये, हीच त्यामागची सोय. तुमच्या कॉर्निसला तो ओठच नसणार. खालचा पृष्ठभाग सपाट असला की पाणी कडेवरून आत वळतं आणि चिकटून भिंतीपर्यंत पोचतं. काळे ओघळ तिथले, आणि फोड म्हणजे गिलाव्याच्या मागं गेलेलं पाणी रंग ढकलून बाहेर येतंय.

खालच्या बाजूला बाहेरच्या कडेपासून २५ ते ३० मिमी आत एक खाच हवी, १२ मिमी रुंद, १० मिमी खोल, सलग. नव्यानं करताना गिलावा ओला असतानाच लाकडी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी दाबून खाच पाडतात. जुन्या कॉर्निसवर ग्राइंडरनं कापता येते. ती भिंतीपर्यंत नेऊ नका, दोन्ही टोकांना २-३ सेमी आधी थांबवा, नाहीतर तीच पाण्याची नाली होऊन भिंतीत पाणी सोडते.

वरच्या बाजूला उतार बाहेरच्या दिशेला हवा, १०० मिमीला निदान १० मिमी. वर पॅरापेट मिळतो त्या काटकोनात गोल वाटा करा (कोपरा सिमेंटनं गोल भरा), मग वॉटरप्रूफिंगचा लेप. आधी फोड आलेला सगळा गिलावा, ठोकून पोकळ आवाज येतो तिथपर्यंत, काढा. पाण्यानं धुऊन वाळू द्या, खार फुटलेला असेल तर धुण्याआधी तो कोरड्या ब्रशनं झाडून काढा. धुतला तर तो पुन्हा आत शिरतो. मग १ सिमेंटला ४ वाळू, प्रत्येक थर १२ मिमीच्या आत, पहिला थर खडबडीत ठेवून. निदान ७ दिवस गोणपाट ओलं ठेवायचं. मे महिन्यात दुपारी केलेली सिमेंटची कॉर्निस जाळीदार भेगांनी भरते, कारण पाणी सिमेंटला मिळण्याआधीच उडून जातं. दर ३ मीटरला एक सरळ सांधा आधीच कापून ठेवा आणि त्यात लवचीक सीलंट भरा. बाहेर पीओपी कुठंही वापरायचा नाही, जिप्सम पाण्यात मऊ पडतो.

माळवदाच्या ओसरीबद्दल माझं स्पष्ट मत आहे की तिथं पीओपी किंवा सिमेंट दोन्ही लावू नये. दगड-मातीची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. सिमेंटनं तिचं तोंड बंद केलं की ओल वर चढून तुळयांच्या टोकांपाशी साचते, लाकूड कुजतं, वाळवी लागते. वर पांढऱ्या मातीचा थर पावसात जड होतो आणि उन्हाळ्यात हलका, त्यामुळं लाकडी छत सतत थोडं वर-खाली होतं. ठिसूळ पट्टी एक पावसाळा काढत नाही. आणि माळवदाला आधीच वजन जास्त आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात माणसं दगावली ती जाड दगडी भिंती आणि मातीची जड छतं अंगावर कोसळून. औसा त्या पट्ट्यातलाच आहे. ओसरीवर खर्च करायचाच असेल तर पहिला खर्च वरून वर्षानुवर्षं चढवलेली जादा माती उतरवण्यावर आणि भिंतीत आरपार बांधदगड घालण्यावर करा.

त्यानंतर शोभेसाठी सागाची पट्टी लावा, ७५ ते १०० मिमी उंच, रंध्यानं नक्षी काढलेली. ती तुळईला आणि फळ्यांना खिळ्यांनी नाही तर स्क्रूनं लावा, भिंतीला अजिबात टेकवू नका, भिंतीपासून ५-६ मिमी मोकळी. पाठीला आणि कापलेल्या टोकांना वाळवीचं औषध लावूनच बसवा, नंतर तिथं ब्रश पोचत नाही.

भिंतीवरच्या कडेला गिलाव्याची रेघ हवी असेल तर ती चुन्यात करा. छत्रपती संभाजीनगरातला बीबी का मकबरा जवळून बघा. जोत्याजवळचा पट्टा आणि घुमट संगमरवरी आहेत, मधला भाग काळ्या दगडाचा आणि त्यावर चुन्याचा घोटलेला गिलावा, सगळी उठावाची नक्षी त्यातच काढलेली. १७ व्या शतकातलं ते काम. भिजवून मुरवलेला चुना घ्या, पोत्यातली कोरडी पूड नको. निदान महिनाभर पाण्याखाली मुरलेला असावा. खालच्या थराला १ चुना, २ वाळू आणि थोडी सुरखी (भाजक्या विटांची पूड), वरच्या थराला १ चुना, १ चाळलेली बारीक वाळू. थर ८-१० मिमीच्या वर नाही, दोन थरांमध्ये आठवडा, आणि रोज दोनदा पाण्याचा फवारा. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं हळूहळू दगड होतो आणि त्यासाठी त्याला ओलावा लागतो. उन्हात तो झटकन वाळला की कायम भुसभुशीत राहतो. म्हणून हे काम ऑक्टोबर ते जानेवारी, सावलीत.

मांजराकाठ:
पेन्सिलच्या फुल्या मारून आठ दिवस मोजलं. पश्चिमेच्या भिंतीला सकाळ-संध्याकाळचा फरक जवळपास अर्धा मिमी येतोय, पूर्वेला मोजता येत नाही इतका कमी. उभी रेघ पश्चिमेला किंचित बाहेर सरकते. हॉलला भिंतीवर धरलेली पीयू लावायची, बाहेर खाच कापायची, असं ठरवलंय. ६ मिमीची खाच उघडीच ठेवू, की सीलंट भरू?

तेरणाकाठ:
एका दिवसात अर्धा मिमी, म्हणजे वर्षाचा फरक दीडच्या आसपास धरा. ६ मिमी पुरेशी आहे. उघडी ठेवली तर उत्तम, फक्त कोळी जाळी करतात, वर्षातून दोनदा ब्रश फिरवा. भरायचीच असेल तर आधी मागं फोमची गोल दोरी दाबा, म्हणजे सीलंट फक्त वर आणि खाली दोनच कडांना धरेल. तिसरी मागची बाजूही चिकटली की त्याला ताणता येत नाही आणि तो मधून फाटतो. रंग घेणारा ॲक्रेलिक सीलंट घ्या, सिलिकॉनवर इमल्शन बसत नाही. भरण्याची वेळ नोव्हेंबर किंवा फेब्रुवारीतली सकाळ ठेवा, स्लॅब तेव्हा ना पूर्ण तापलेला असतो ना पूर्ण गारठलेला. आणि गच्चीवरची मोझॅक त्याआधी करून घ्या. कोब्यावर पाणी मारताना कुठं ओल उतरली तर ती नव्या पट्टीच्या आधी दिसलेली बरी.